काळ्या फत्तराचे दफ्तर

सोलापूर जिल्ह्यात कोठेही, मग तो बार्शीकडील बालाघाटाच्या उतरणीचा मुलूख असो, मोहोळ-माढ्याकडील माळराने असोत की मंगळवेढ्याची ज्वारीसाठी नावाजलेली सपाट काळी असो, विहीर खणावयास घेतली म्हणजे पहार अखेरीस एकाच वस्तूवर जाऊन खणकन थांबते, आणि ती वस्तू म्हणजे काळा फत्तर. वर कोठे वीतभर तर कोठे पुरुषभर काळी माती, तिच्याखाली चुनखडीचे पांढरे खडे मिसळलेला थर, त्याखाली करडा-पिवळा मुरूम, आणि मुरमाच्याही पोटात, प्रथम गोल गोल गोळ्यांच्या रूपाने व पुढे अखंड, असा हा पाषाण लागतो. शास्त्रज्ञ त्याला बेसाल्ट म्हणतात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूमीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून तप्त रसाचे लोट एकामागून एक बाहेर आले, एकावर एक निवाले, आणि आज जवळजवळ पाच लाख चौरस किलोमीटर क्षेत्रावर पसरलेले दख्खनचे पठार त्यांनी घडविले. सह्याद्रीच्या बाजूस हे थर हजारो फूट जाड आहेत. पूर्वेकडे येता येता ते पातळ होत जातात. १९९३ च्या ३० सप्टेंबरला पहाटे किल्लारीच्या भूकंपाने सोलापूरच्या ईशान्येचा सारा मुलूख हादरला, काळ्या दगडाच्या आणि मातीच्या गिलाव्याच्या जड भिंतींखाली हजारो माणसे झोपेतच गाडली गेली, आणि त्या अनर्थानंतर भूगर्भाचा तपास करण्यासाठी तेथे जे भोक पाडण्यात आले, त्यात सुमारे ३३८ मीटर खोलीपर्यंत एकसारखा हाच फत्तर लागला व त्यानंतर कोठे त्याच्याखालचा प्राचीन ग्रॅनाइटी पाया हाती आला.

या फत्तराकडे सोलापूरकराने कौतुकाने पाहावे असे त्यात वरवर काही नाही. संगमरवराची झळाळी त्याला नाही, कर्नाटकाच्या हिरवट शिस्टची कोवळीक नाही, राजस्थानी वालुकाश्माचा रंग नाही. परंतु ६ फेब्रुवारी २००४ रोजी मंगळाच्या पृष्ठभागावर, गुसेव्ह नावाच्या १६६ किलोमीटर रुंदीच्या विवरात, ‘स्पिरिट’ नामक यंत्रगाडीने परग्रहावरील पहिला दगड घासून त्याचे अंतरंग उघडे केले, तेव्हा जो पदार्थ समोर आला तो याच कुळीचा होता. त्या घटनेचे खरे मोल कळावयाचे तर आपल्या पायांखालच्या दगडाचे वाचन आपल्या मुलखात कोणी कोणी, कोणत्या हेतूने आणि कोणत्या किमतीने केले, हे आधी पाहिले पाहिजे, असे मला वाटते. कारण दगड वाचण्याची ही विद्या प्रयोगशाळेत जन्मलेली नसून शेतात, खाणीत आणि देवळाच्या ओवरीत वाढलेली आहे.

तिचे पहिले पद्धतशीर दफ्तर सरकारी महसुलाच्या निमित्ताने निर्माण झाले. पेशवाई बुडाल्यानंतर कंपनी सरकारने दख्खनची जमाबंदी प्रिंगल नामक अधिकाऱ्याकडून करविली. उत्पन्न आणि खर्च यांचे गणित मांडून प्रत्येक प्रतीच्या जमिनीवर धारा बसविण्याची त्याची कल्पना कागदावर निर्दोष असली, तरी प्रत्यक्षात मोजणी चुकली, खालच्या कामगारांनी लाचलुचपत केली, धारा डोईजड झाला, आणि सोलापूरच्या सीमेला लागून असलेल्या इंदापूर तालुक्यात कुणबी जमिनी टाकून परागंदा होऊ लागले. तेव्हा १८३५ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघांनी तेथे नवी पैमाष आरंभिली, आणि हीच पद्धत पुढे सोलापूर जिल्ह्याला व क्रमाने सर्व मुंबई इलाख्याला लागू झाली. जमिनीने किती पिकविले हे विचारीत न बसता, जमीन मुळात कशी आहे हेच तपासावयाचे, असे तिचे तत्त्व होते. प्रतबंदी करणारा कारकून शेतात जागोजाग पहारीने भोक पाडून मातीची खोली हातांनी मोजी. पावणेदोन हात खोल, एकजिनसी काळी माती लागली तर ती सोळा आणे प्रतीची, आणि खोली उणी होत जाईल, रंग काळ्याकडून तांबड्याकडे व तेथून बरडाकडे सरकत जाईल, तसतसे आणे उतरत जात. त्यातच चुनखडीचे खडे, रेती, उतार, पाण्याने वाहून जाण्याचा संभव, अशा दोषांसाठी एकेक प्रत खाली आणावयाची. तीस वर्षांसाठी धारा कायम करणारी ही व्यवस्था रयतेला कितपत न्याय देणारी होती याबद्दल इतिहासकारांनी वाद घातले आहेत व ते योग्यच आहेत. पण मला तिच्यात दिसते ते निराळेच. गाव, शेत, बांध असे करीत लक्षावधी ठिकाणी, मूळ फत्तर किती खोलवर कुजून त्याची माती झाली आहे, याची ती नोंद होती. ज्या कारकुनाने बांधावर बसून पावणेदोन हात लिहिले, त्याने नकळत एका खडकाच्या रूपांतराचा इतिहास लिहिला.

हे रूपांतर घडविते पाणी. फत्तरातील ऑलिव्हीन व पायरॉक्सीन ही लोह-मॅग्नेशियमयुक्त खनिजे आणि त्यांच्या जोडीचे फेल्डस्पार हे पावसाच्या पाण्याशी हजारो वर्षे झगडत राहिले म्हणजे त्यांचे विघटन होऊन स्मेक्टाइट वर्गाची चिकण माती बनते. पाणी पिऊन ती फुगते आणि उन्हात आकसते. म्हणून वैशाखात मंगळवेढ्याच्या शेतात पाऊल अडकेल एवढ्या भेगा पडतात, म्हणून आपल्या पूर्वजांनी गाव काळीवर न वसविता पांढरीवर वसविले, आणि म्हणूनच ऑक्टोबरात पेरलेली ज्वारी पुढे महिनोन्महिने पावसाचा थेंब न पडताही केवळ जमिनीतील ओलाव्यावर आणि दवावर उभी राहते. मोहोळच्या संशोधन केंद्रात निवड होऊन महाराष्ट्रभर गेलेली मालदांडी ३५-१ ही ज्वारी या मातीचेच अपत्य आहे. सोलापूरचा माणूस जी भाकरी खातो ती, थेट बोलावयाचे तर, पाण्याने पचविलेला फत्तर आहे.

जेथे पाण्याने तो पचविला नाही तेथे तो माणसाच्या हातांनी फोडावा लागला. ‘दगड’, ‘माती’ आणि ‘गाडी’ या विशेषणांनी ओळखल्या जाणाऱ्या वडार समाजाच्या शाखांपैकी दगड वडारांचा हा पिढीजात धंदा. घरात तेलुगू, बाजारात मराठी आणि अक्कलकोटकडे कानडी बोलणारी ही माणसे सोलापूरच्या तिन्ही भाषांची वारसदार आहेत. जुना जाणता वडार खाणीत शिरला म्हणजे आधी सुतकी चालवीत नाही. तो शिळेवर हातोडीने हलकेच ठोका देतो आणि कुंभाराकडून मडके वाजवून घ्यावे तसा तिचा नाद ऐकतो. आवाज खणखणीत निघाला तर दगड जिवंत. बद्द निघाला तर आत कोठे तरी चीर आहे, किंवा वरून दिसत नसले तरी पोटात मुरूम धरलेला आहे. मग वरची करडी, खरबरीत साल काढून टाकावयाची. ताज्या फुटीचा रंग निळसर काळा असला, कण बारीक आणि सारखे असले, चुन्याचे किंवा गारेचे पांढरे डोळे नसले, तरच तो दगड देवळाच्या खांबाला, जात्याला, पाट्याला लावावयाचा. एकदा पसंत पडला म्हणजे आखलेल्या रेषेवर टाकीने छिद्रांची ओळ पाडतात, प्रत्येक छिद्रात लोखंडी पाचर बसवितात, आणि मग पहिल्या पाचरीपासून शेवटच्यापर्यंत व पुन्हा पहिल्याकडे असे घणाचे सारखे, संयमी घाव घालीत जातात. कोणत्याही एका पाचरीवर राग काढला तर शिळा वाकडी फुटते. बऱ्याच घावांनंतर आतून कागद फाटल्यासारखा एक बारीक आवाज येतो, आणि तेव्हा कारागीर हात थांबवितो, कारण पुढचे काम दगड आपण होऊन करतो.

या हातांनी उभारलेली सोलापूरची कथा मोठी आहे. बाराव्या शतकात शिवयोगी सिद्धरामेश्वरांनी सोन्नलगीस, म्हणजे आजच्या सोलापुरास, तलाव खणविला आणि अडुसष्ट लिंगांची स्थापना केली. मकरसंक्रांतीच्या गड्डा यात्रेत नंदीध्वज आजही त्या लिंगांची प्रदक्षिणा करतात. तलावाच्या काठी बहमनी काळात जो भुईकोट उभा राहिला, त्याचे दुहेरी तट, बुरूज आणि खंदक याच काळ्या दगडाचे आहेत, आणि त्याच्या आत जुन्या देवळाचे अवशेषही आहेत. पुढे निजामशाही आणि आदिलशाही या किल्ल्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या झुंजल्या. चांदबिबीच्या विवाहात तो आंदण म्हणून देण्यात आला. मोगल, निजाम, पेशवे यांच्या हातून जाऊन अखेर १८१८ च्या मे महिन्यात तो इंग्रज सेनापती मन्‍रोच्या फौजेने घेतला. या सर्व घडामोडींत किल्लेदारांची, सरदारांची, सुलतानांची नावे बखरींनी जतन केली. तटाचा एकही चिरा घडविणाऱ्याचे नाव कोणी टिपून ठेवले नाही.

त्याला एक अपवाद आहे आणि तो हृदय विदीर्ण करणारा आहे. शके १२६० मध्ये, म्हणजे १३३८ साली, मंगळवेढ्याचे गावकूस बांधण्याचे काम चालले होते. त्या कामावर राबणाऱ्या महार मजुरांत संत चोखामेळा होते. बांधत असलेले कूस कोसळले, मजूर दगडांखाली चिरडले गेले, आणि त्यांत चोखोबांचाही अंत झाला. परंपरा सांगते की नामदेवराय मंगळवेढ्यास आले, त्यांनी हाडांच्या ढिगातून ज्या अस्थींतून विठ्ठलनामाचा ध्वनी येत होता त्या वेचल्या, आणि पंढरपुरास महाद्वारापाशी त्यांना समाधी दिली. ज्यांना देवळात प्रवेश नव्हता त्यांच्याच खांद्यांवरून देवळाचे व कुसाचे दगड वाहिले गेले, आणि त्यांतील एकाची स्मृती टिकली ती त्याच्या वाणीच्या सामर्थ्याने. त्या ढिगाखालचे बाकीचे मजूर निनावी राहिले. आमच्या स्थापत्याचा इतिहास लिहिताना शैली आणि कालखंड यांच्याबरोबर ही घटना पहिल्या पानावर असावयास हवी, असे माझे ठाम मत आहे.

इंग्रजी अमदानीत दगडाची मागणी वाढली. १८६० साली रेल्वे सोलापूरपर्यंत आली, पुढे एकरुखचा म्हणजे हिप्परग्याचा तलाव झाला, १८७७ मध्ये जुनी गिरणी निघाली. पूल, मोऱ्या, पाये, सडका, सर्वांना काळा दगड लागला. आणि त्याच सुमारास, १८७६-७७ च्या दुष्काळात, हा दगड फोडणे हे हजारो उपाशी माणसांचे जगण्याचे साधन बनले. जवळजवळ शंभर वर्षांनी, १९७२ च्या दुष्काळात, त्याच माळांवर तेच दृश्य पुन्हा उभे राहिले: बायाबापड्या डोक्यावर पदर घेऊन रांगेने बसलेल्या, डाव्या हाताने दगड धरून उजव्या हाताने खडी फोडीत, बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या, आणि संध्याकाळी मुकादम ढिगाचे ब्रास मोजीत. त्या पिढीतील पुष्कळ स्त्रिया आजही हयात आहेत, आणि काळ्या फत्तराचा कठीणपणा त्यांच्याइतका दुसऱ्या कोणाला ठाऊक असेल असे मला वाटत नाही.

दगड वाचण्याचा आणखी एक प्रकार उरला, तो म्हणजे अक्षरे वाचण्याचा. भीमा आणि सीना जेथे मिळतात तेथे दक्षिण सोलापूर तालुक्यात हत्तरसंग-कुडल हे क्षेत्र आहे. तेथील संगमेश्वराच्या प्राचीन देवळात शके ९४० चा, म्हणजे १०१८ सालचा लेख कोरलेला असून, कालनिर्देश असलेल्या अगदी आरंभीच्या मराठी लेखांत त्याची गणना होते. हा लेख उजेडात आणण्याचे श्रेय सोलापूरचे शिलालेख-संशोधक कै. आनंद कुंभार यांचे. साडेतीनशेहून अधिक मुखे कोरलेले अद्भुत शिवलिंगही त्याच परिसरात सापडले. अशा लेखांचे वाचन कसे होते हे एकदा जवळून पाहण्यासारखे असते. शतकानुशतकांचे तेल, शेंदूर, चुना आणि शेवाळ यांचे पुट आधी हळुवार हाताने धुऊन काढावयाचे. मग ओला कागद दगडावर चिकटवून कुंचल्याने तो ठोकीत राहावयाचे, इतका की कागद अक्षरांच्या खोबणीत शिरावा. तो वाळत आला म्हणजे शाईची पुरचुंडी वरून फिरवावयाची. खोबणीत शाई पोचत नाही, आणि काळ्या पृष्ठावर पांढरी अक्षरे उमटतात. हजार वर्षे जे नुसते खडबडीत वाटत होते ते एका घटकेत बोलू लागते. आज देवळे ‘सुधारण्याच्या’ उत्साहात जुन्या खांबांना ऑइलपेंटचे थर दिले जातात तेव्हा मन व्यथित होते, कारण प्रत्येक थराबरोबर त्याखाली असू शकणारे अक्षर आणखी खोल जाते.

मंगळावरच्या दगडाची अडचण मूलतः हीच होती. ४ जुलै १९९७ रोजी ‘पाथफाइंडर’ यान उतरले आणि त्यातून ‘सोजर्नर’ ही लहानशी गाडी बाहेर आली. तिने पहिला जो दगड तपासला त्याला शास्त्रज्ञांनी ‘बार्नॅकल बिल’ असे नाव दिले होते. गाडीजवळचे उपकरण दगडावर अल्फा कणांचा मारा करून परत येणाऱ्या कणांवरून व क्ष-किरणांवरून मूलद्रव्ये ओळखीत असे. याच कुळातील एक उपकरण पुढे अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेने तयार केले आणि २०२३ च्या ऑगस्टमध्ये आमच्या ‘प्रज्ञान’ने ते चंद्राच्या मातीवर वापरले. पण बार्नॅकल बिलचे उत्तर अनपेक्षित निघाले. सिलिका अपेक्षेपेक्षा पुष्कळ जास्त होती. दगड बेसाल्टाऐवजी अँडेसाइटसारखा भासत होता. हे त्याचे खरे अंतरंग होते, की वरच्या धुळीचा आणि विकृत झालेल्या सालीचा तो परिणाम होता? सोजर्नरजवळ साल काढण्याचे साधनच नव्हते, आणि म्हणून वाद मिटला नाही. वडाराला जे ठोक्यासरशी ठाऊक असते, की सालीवरून दगडाची परीक्षा करू नये, ते तेथे उपकरणाअभावी पाळता आले नाही.

पुढच्या गाड्यांना म्हणून घासणी दिली गेली. न्यू यॉर्कच्या एका छोट्या कारखान्यात घडलेले, हिऱ्याच्या कणांचे दात असलेले हे यंत्र यांत्रिक हाताच्या टोकाशी बसविलेले होते. ४ जानेवारी २००४ रोजी स्पिरिट गुसेव्हमध्ये उतरली, आणि जवळच पडलेला, चेंडूएवढा, सपाट व फारशी धूळ नसलेला एक दगड तिच्यासाठी निवडण्यात आला. न्यू यॉर्क राज्यातील पर्वतराजीवरून त्याचे नाव अ‍ॅडिरॉन्डॅक ठेवले. गाडी त्याच्यापुढे पोचून हात पुढे करते न करते तोच, २१ जानेवारीला, तिचे संदेश बंद पडले. स्मृतिकोशातील फाइलींच्या गर्दीने तिचा संगणक पुन्हा पुन्हा स्वतःस बंद-सुरू करीत होता. कोट्यवधी मैलांवरून, एकेका आज्ञेच्या उत्तराची वाट पाहत, अभियंत्यांनी तो दोष शोधून काढला आणि दोन आठवड्यांत ती कामाला लागली. मग सुमारे तीन तास घासून दगडावर ४५.५ मिलिमीटर व्यासाचे आणि अवघे २.६५ मिलिमीटर खोल असे एक वर्तुळ उघडे करण्यात आले. तांदळाच्या दाण्याच्या लांबीइतकीही ती खोली नव्हती. पण तेवढ्याने कित्येक कोटी वर्षांची साल दूर झाली. सूक्ष्मदर्शी कॅमेऱ्याने छायाचित्र घेतले, मॉसबॉर वर्णपटमापकाने लोहयुक्त खनिजे ओळखली, आणि उत्तर आले: ऑलिव्हीन, पायरॉक्सीन, मॅग्नेटाइट. बेसाल्ट.

हे उत्तर शास्त्रज्ञांना पूर्णपणे आनंददायक होते असे म्हणता येत नाही. एका प्रचंड कोरड्या नदीपात्राचे मुख गुसेव्हमध्ये उघडते. तेथे कधीकाळी सरोवर असावे, त्याचा गाळ मिळावा, म्हणून तर ती जागा निवडली होती. गाळाऐवजी लाव्हा मिळाला. सरोवर असलेच तर ते त्याच्याखाली झाकले गेले होते. शिवाय त्या दगडातील ऑलिव्हीन शाबूत होते, आणि ऑलिव्हीन हे पाण्यापुढे सर्वांत आधी हार खाणारे खनिज. सोलापूरच्या माळावर अवघ्या काही सहस्रकांत जे कुजून माती होते, ते तेथे तीनशे कोटींहून अधिक वर्षे उघड्यावर पडूनही टिकले होते. लोहाचे प्रमाण आपल्या फत्तरापेक्षा बरेच अधिक; बाकी घडण ओळखीची. मंगळ तांबडा दिसतो तो वरच्या गंजलेल्या धुळीमुळे. घासले की आतून काळाच फत्तर निघतो. स्पिरिट पुढे टेकड्यांपर्यंत गेली, तिचे एक चाक निकामी झाले, आणि ते फरफटत नेताना २००७ मध्ये त्या चाकाने उकरलेल्या चरात जवळजवळ शुद्ध सिलिकेची पांढरी माती दिसली, जी उष्ण पाण्याच्या झऱ्यांची किंवा वाफांची साक्ष मानली जाते. मार्च २०१० नंतर ती गाडी बोलली नाही.

पाण्याने पचविलेला फत्तर मंगळावर सापडला तो दुसऱ्या ठिकाणी. २०१३ च्या फेब्रुवारीत ‘क्युरिऑसिटी’ने गेल विवरात एका दगडाला साडेसहा सेंटिमीटरच्या आतबाहेर खोल भोक पाडले आणि त्याची करडी भुकटी गाडीतल्याच प्रयोगशाळेत क्ष-किरणांखाली ठेवली. तीत सुमारे पाचवा हिस्सा चिकण माती होती, आणि तिचा वर्ग होता स्मेक्टाइट. म्हणजे ज्या मातीमुळे मंगळवेढ्याची जमीन भेगाळते आणि फुलते, तिच्याच भाऊबंदांच्या शोधात मानवाने एवढा खटाटोप केला, आणि ती सापडल्याबरोबर जगाने निर्वाळा दिला की येथे एके काळी पिण्याजोगे पाणी असावे. सोळा आणे प्रत लिहिणाऱ्या त्या कारकुनाला हे ऐकून नवल वाटले नसते. चांगली माती म्हणजे मुरलेले पाणी, हे त्याच्या पहारीने त्याला रोजच सांगितले होते.

या दोन ग्रहांच्या फत्तरांमधील नात्याच्या आमच्याच देशात आणखी दोन साक्षी आहेत. २५ ऑगस्ट १८६५ रोजी बिहारमध्ये गया जिल्ह्यातील शेरघाटी येथे आकाशातून सुमारे पाच किलोचा एक दगड पडला. व्हिएन्नाच्या चेर्माक या खनिजशास्त्रज्ञाने १८७२ मध्ये त्यात एक विलक्षण काचरूप पदार्थ ओळखला: फेल्डस्पारचाच, पण प्रचंड आघाताने काच झालेला. त्याला मास्केलिनाइट हे नाव मिळाले. शतकाहून अधिक काळाने, शेरघाटीच्याच वर्गाच्या एका अशनीत अडकलेले वायू आणि १९७६ मध्ये ‘व्हायकिंग’ने मोजलेली मंगळाची हवा यांची तुलना झाली व ती जुळली, तेव्हा शेरघाटीचा दगड मंगळावरून उडून आलेला आहे हे मान्य झाले. २००४ मध्ये स्पिरिटची जुळी भगिनी ‘ऑपॉर्च्युनिटी’ हिने ‘बाउन्स रॉक’ नावाच्या दगडाची परीक्षा केली तेव्हा त्याची घडण त्या अशनींशी जुळणारी निघाली. दुसरी साक्ष लोणारची. बुलढाण्याच्या त्या सुमारे १.८ किलोमीटर रुंदीच्या विवरात मिळालेल्या दगडांत हेच मास्केलिनाइट १९७३ मध्ये दाखविण्यात आले आणि ज्वालामुखीचे मानले जाणारे ते विवर उल्कापाताचे ठरले. बेसाल्टावर झालेल्या आघाताचे इतके सुरक्षित विवर पृथ्वीवर फार दुर्मीळ. मंगळावरील विवरे समजून घेण्यासाठी शास्त्रज्ञ लोणारला येतात ते याचमुळे, आणि तेथील फत्तर हा सोलापूरच्या फत्तराचा सख्खा भाऊ आहे.

नव्या गाडीचाही अनुभव याच जुन्या विद्येची आठवण देणारा ठरला. ‘पर्सिव्हिअरन्स’ १८ फेब्रुवारी २०२१ रोजी जेझेरो विवरात उतरली. ६ ऑगस्टला तिने ‘रूबियों’ या खडकाला भोक पाडून नमुना घेण्याचा यत्न केला. यंत्राने आपले काम चोख बजावले, भोक पडले, नळी बंद झाली; पण नळीत काहीच नव्हते. खडक आतून इतका कुजलेला होता की त्याचा कांडा न होता भुगा झाला आणि सांडून गेला. आमच्या विहीर खणणाऱ्यांच्या भाषेत तो मुरूम होता. सप्टेंबरात ‘रोशेट’ हा टणक, वाऱ्याने घासलेला खडक निवडला गेला आणि त्यातून पहिले दोन अखंड कांडे मिळाले. तोही बेसाल्टाच्याच जातीचा.

२०२४ च्या जुलैत, जेझेरोस पाणी आणणाऱ्या प्राचीन नदीपात्रात, त्या गाडीला ‘चेयावा फॉल्स’ नावाचा खडक भेटला. हा गाळाचा दगड. त्याच्या तांबूस अंगावर काळ्या कडांचे फिकट ठिपके, बिबट्याच्या कातडीवर असावेत तसे, आणि त्याला छेदून गेलेल्या पांढऱ्या शिरा. ठिपक्यांत लोहाचे फॉस्फेट व लोहाचे सल्फाइड, बहुधा व्हिव्हियनाइट आणि ग्रेगाइट, असल्याचे आणि दगडात सेंद्रिय कार्बन असल्याचे विश्लेषण २०२५ च्या सप्टेंबरात प्रसिद्ध झाले. पृथ्वीवर पाणथळ, दलदलीच्या गाळात सूक्ष्मजंतू सेंद्रिय द्रव्य खाऊन लोहाचे रूप पालटतात तेव्हा ही खनिजे बनतात. पण जीवावाचून निव्वळ रसायनानेही ती बनू शकतात, आणि कमी तापमानात तसे कितपत घडू शकते हाच आजच्या वादाचा विषय आहे. शास्त्रज्ञांनी ‘संभाव्य खूण’ एवढाच शब्द वापरला, आणि तो संयम मला फार मोलाचा वाटतो. या दगडाचा एक कांडा नळीत बंद करून गाडीने बरोबर घेतला आहे. लोह, गंधक आणि कार्बन यांच्या समस्थानिकांची सूक्ष्म प्रमाणे मोजल्यावाचून या प्रश्नाचा निवाडा होणार नाही, ती मोजणारी यंत्रे खोलीभर आकाराची असल्यामुळे कोणत्याही गाडीवर मावत नाहीत, आणि नळ्या पृथ्वीवर आणण्याची योजना खर्चाच्या कारणाने अडखळली.